पोलीस की वैमानिक? : व्यवसायनिवडीचा एक विचार

दहावी-बारावीच्या परीक्षांचे निकाल जाहीर झाले की मुलाने अथवा मुलीने पुढे कोणता मार्ग धरावा, हा प्रश्न घराघरांत उपस्थित होतो. शहरातील पालकांस सल्ला देणारे पुष्कळ असतात. ग्रामीण भागात मात्र हा प्रश्न शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, सरपंचांकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याकडे येऊन थांबतो. अशा वेळी दिलेल्या सल्ल्यावर एका कुटुंबाची कित्येक वर्षांची मिळकत आणि प्रसंगी त्याची जमीनही अवलंबून असते.

किशोरवयीन मुलामुलींना ज्या व्यवसायांचे विशेष आकर्षण वाटते, त्यांत पोलीस दल आणि विमानचालन यांचा क्रम बराच वरचा लागतो. दोन्हींत गणवेश आहे, शिस्त आहे, समाजात मान आहे आणि धाडसाला वाव आहे. त्यामुळे ‘मी पोलीस अधिकारी होणार, नाही तर वैमानिक होणार’ असे एकाच दमात सांगणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असतात. परंतु प्रवेशाचा मार्ग, लागणारा पैसा, पत्करावी लागणारी जोखीम आणि रोजचे काम या चारही बाबतींत हे दोन व्यवसाय एकमेकांपासून फार दूर आहेत. हे अंतर नीट समजावून घेतल्याशिवाय केलेली निवड पुढे कुटुंबास महाग पडते.

पद आणि परवाना

या दोहोंतील मूलभूत भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. पोलीस दलातील प्रवेश म्हणजे एका पदावरील नेमणूक होय. शासन जाहिरात देते, परीक्षा घेते, निवड करते आणि निवड झालेल्या उमेदवारास स्वखर्चाने प्रशिक्षण देते. प्रशिक्षणाच्या काळातही त्यास वेतन मिळते. नागरी वैमानिकाच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा असतो. उमेदवार प्रथम स्वतःच्या पैशाने शिकतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवितो आणि मग नोकरीच्या शोधास लागतो. परवाना हा पात्रतेचा दाखला आहे. त्यात नोकरीची हमी नाही.

पोलीस होऊ इच्छिणाऱ्याची गुंतवणूक मुख्यतः वेळेची असते, तर वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याची गुंतवणूक मुख्यतः पैशाची असते. पहिल्याने आपली उमेदीची वर्षे किती खर्ची घालावयाची याची मर्यादा आधी आखून घ्यावी. दुसऱ्याने आपल्या कुटुंबास किती कर्ज पेलेल याचा हिशेब आधी करावा. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एकाच सूत्राभोवती फिरते.

पोलीस दलाची प्रवेशद्वारे

महाराष्ट्र पोलीस दलात प्रवेश करण्याची प्रमुख द्वारे तीन आहेत.

पहिले द्वार पोलीस शिपाई भरतीचे. यासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असून खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा १८ ते २८ वर्षे आहे. मागासवर्गीय उमेदवारांस वरच्या मर्यादेत ५ वर्षांची सवलत मिळते. पुरुष उमेदवारांसाठी किमान १६५ सेंटिमीटर उंची आणि न फुगविता ७९ सेंटिमीटर छाती अशी अट असते व छाती किमान ५ सेंटिमीटर फुगावी लागते. शारीरिक चाचणी ५० गुणांची असून तीत धावणे व गोळाफेक यांचा समावेश असतो. पुरुषांस १,६०० मीटर व १०० मीटर, तर महिलांस ८०० मीटर व १०० मीटर धावावे लागते. या चाचणीत निम्मे गुण मिळविणाऱ्यांमधून एका पदामागे १० याप्रमाणे उमेदवार १०० गुणांच्या लेखी परीक्षेस बोलाविले जातात. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे तिचे विषय होत.

दुसरे द्वार पोलीस उपनिरीक्षक पदाचे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून ही निवड होते. त्यासाठी पदवी आवश्यक असून खुल्या प्रवर्गातील उमेदवाराचे वय १९ ते ३१ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. निवड झालेल्या उमेदवारांचे प्रशिक्षण नाशिक येथील महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. पोलीस उपअधीक्षक हे त्यावरील पदही लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतूनच भरले जाते.

तिसरे द्वार भारतीय पोलीस सेवेचे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून या सेवेत प्रवेश मिळतो. त्यासाठीही पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा २१ ते ३२ वर्षे आहे. या अधिकाऱ्यांना हैदराबाद येथील सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षण दिले जाते.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून, तर उपनिरीक्षकाची ३८,६०० रुपयांपासून सुरू होते; महागाई भत्ता, घरभाडे भत्ता इत्यादी रक्कम त्याशिवाय मिळते. शिपाई म्हणून दाखल झालेला कर्मचारी हवालदार, सहायक फौजदार अशा पायऱ्या चढत पुढे जातो. विभागाच्या नियमांनुसार त्यास अधिकारीपदही गाठता येते. म्हणजेच शिपाई म्हणून प्रवेश घेतला, तरी वरचा मार्ग बंद होत नाही.

स्पर्धेचे प्रमाण मात्र विसरता कामा नये. २०२४ च्या भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे सरासरी १०० अर्ज, असा याचा अर्थ. निवड न होणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी राहणार, हे सत्य विद्यार्थ्यास आरंभीच सांगणे हिताचे ठरते. वयाची १८ ते २८ ही दहा वर्षे केवळ मैदानावर आणि अभ्यासिकेत घालविलेल्या तरुणाच्या हाती, निवड न झाल्यास, दुसरे काहीच उरत नाही. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्याने पदवीचे शिक्षण अथवा एखादे हस्तकौशल्य सोबत चालू ठेवावे आणि ‘इतके प्रयत्न, त्यापुढे नाही’ अशी सीमा स्वतःशी ठरवावी.

वैमानिकाच्या परवान्याचा मार्ग

भारतीय विमानचालनाच्या इतिहासाचा आरंभ महाराष्ट्राशी निगडित आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत उड्डाण केले. तेव्हा काही धनिक हौशी मंडळींपुरती असलेली ही विद्या आज एक मोठा व्यवसाय बनली आहे. २०२३ या एका वर्षात देशात १,६०० हून अधिक व्यावसायिक वैमानिक परवाने देण्यात आले.

या परवान्यासाठी रूढ शैक्षणिक अट म्हणजे भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावी. ज्यांनी हे विषय घेतलेले नाहीत, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत ते पूर्ण करता येतात. अटींत वेळोवेळी बदल होत असतात; म्हणून अर्ज करतेवेळी महासंचालनालयाची चालू अधिसूचना अवश्य पाहावी. वयाच्या १६ व्या वर्षी विद्यार्थी वैमानिक म्हणून नोंदणी करता येते आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळू शकतो.

परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतः सांभाळून उडवावे लागते. दूरच्या प्रवासाची उड्डाणे, रात्रीची उड्डाणे आणि बाहेरचे काही न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे केलेली उड्डाणे यांचाही ठरावीक हिस्सा असतो. एका उड्डाणात ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटरचे अंतर कापून वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरावे लागते. याखेरीज विमानविषयक नियम, दिशाशोधन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा असून त्यांत ७० टक्के गुण मिळविणे आवश्यक असते. नभोवाणी संभाषणाचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे किमान चौथ्या श्रेणीचे इंग्रजी संभाषणकौशल्य सिद्ध करावे लागते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने यामुळे कचरण्याचे कारण नाही. मात्र इंग्रजी ऐकण्याचा व बोलण्याचा सराव त्याने आठवी-नववीपासूनच सुरू केलेला बरा.

परवाना हाती आल्यावरही खर्च संपत नाही. प्रवासी विमान उडविण्यासाठी त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. एअरबस, बोइंग अथवा एटीआर यांपैकी ज्या विमानावर काम करावयाचे, त्याचे हे प्रशिक्षण असते. पुढे एकूण १,५०० तासांचा अनुभव आणि आणखी परीक्षा यांनंतर विमान कंपनीच्या कप्तानपदासाठी आवश्यक असणारा वरच्या श्रेणीचा परवाना मिळतो.

महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर तसेच धुळे येथे उड्डाण प्रशिक्षण दिले जाते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे.

आधी डोळे, मग पैसे

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांस एकच गोष्ट सांगण्याची संधी मिळाली, तर ती ही सांगावी : वैद्यकीय तपासणी आधी, शुल्क नंतर. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय परीक्षकाकडून प्रथम द्वितीय श्रेणीची तपासणी करून घ्यावी लागते. व्यावसायिक परवान्यासाठी त्याहून कसून होणारी प्रथम श्रेणीची तपासणी असते. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, श्रवणशक्ती, हृदयाचे कार्य, रक्तदाब आदींची तीत बारकाईने पाहणी होते. चष्मा आहे एवढ्याच कारणाने नागरी वैमानिक अपात्र ठरत नाही. दोष चष्म्याने ठरावीक मर्यादेपर्यंत दूर होत असल्यास त्यास अनुमती असते. रंगांधळेपणासारखा दोष मात्र अनेकांस आपल्या ठायी आहे हे तपासणी होईपर्यंत ठाऊकच नसते.

ही तपासणी करून न घेता प्रवेशशुल्काचा पहिला हप्ता भरणे म्हणजे विहिरीस पाणी लागेल की नाही हे न पाहता मोटार विकत घेण्यासारखे आहे. शिवाय ही तपासणी एकदाच होऊन संपत नाही. नोकरीत असतानाही ठरावीक मुदतीने ती पुन्हा होते. एखाद्या आजाराने वैद्यकीय दाखला थांबला, तर परवाना असूनही उड्डाण करता येत नाही आणि उत्पन्नही थांबते. पोलीस कर्मचारी आजारी पडला, तर त्यास रजा असते, हलके काम देता येते, त्याचे पद टिकून राहते. या फरकाचे मोल तरुणपणी कळत नाही. घर चालवू लागल्यावर कळते.

खर्चाचा हिशेब

व्यावसायिक परवान्याच्या प्रशिक्षणास आज साधारणतः चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च त्याहून वेगळा असून तोही लाखांच्या घरात जातो. समजा, एका कुटुंबाने ५० लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांच्या मुदतीसाठी काढले. अशा कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ६९,००० रुपये येईल आणि मुदतीअखेर एकूण परतफेड ८२ लाखांच्या पुढे जाईल. वैमानिकास नोकरी लागली, तर हा हप्ता त्यास जड नाही. कारण प्रवासी विमानाच्या सहवैमानिकाचे मासिक वेतन लाखाच्या पुढे असते आणि कप्तानाचे त्याच्या कित्येक पट असते. प्रश्न उरतो तो परवाना मिळणे आणि नोकरी लागणे यांमधील काळाचा.

हा काळ काही महिन्यांचा असू शकतो, तसा काही वर्षांचाही असू शकतो. विमान व्यवसाय तेजी-मंदीच्या लाटांवर चालतो. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. २०२० च्या करोना साथीत तर देशातील नियमित प्रवासी विमानसेवा दोन महिने पूर्णतः बंद होती. अशा प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक नोकरीच्या शोधात बाहेर पडतात आणि २०० तासांचा अनुभव असलेल्या नवख्यास त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. दुसरीकडे भारतीय कंपन्यांनी शेकडो नव्या विमानांची मागणी नोंदविली असल्यामुळे येत्या काळात वैमानिकांची गरज वाढेल अशी चिन्हे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यास्तव कर्ज काढताना परवान्यानंतर दोन वर्षे नोकरी लागली नाही तरी हप्ते कसे भरले जातील, याचे उत्तर पालकांजवळ असावे. हे उत्तर नसेल आणि तारण केवळ राहती जमीन असेल, तर त्या कुटुंबास थांबण्याचा सल्ला देणे हेच खरे हितचिंतन होय.

आर्थिक साहाय्याच्या काही योजनाही आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या अभ्यासक्रमाचा समावेश पहिल्या गटात केलेला आहे. उत्पन्नाच्या व इतर अटी समाज कल्याण कार्यालयातून समजून घ्याव्यात.

कर्जाविना आकाश : हवाई दलाचा मार्ग

ज्यास खरोखर उडावयाचे आहे, परंतु ज्याच्या घरी पन्नास लाख रुपये नाहीत, त्याच्यासाठी एक तिसरा मार्ग खुला आहे. भारतीय हवाई दलात वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. बारावीत भौतिकशास्त्र व गणित असलेल्या विद्यार्थ्यास संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळू शकतो. त्यासाठीचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचे आहे. २०२२ पासून मुलींनाही हे द्वार खुले झाले असून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. पदवीधरांसाठी हवाई दलाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. तिच्याद्वारे उड्डाण शाखेत २० ते २४ या वयात प्रवेश मिळतो, आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असणाऱ्यास ही मर्यादा २६ वर्षांपर्यंत शिथिल होते.

येथील कसोट्या कडक आहेत. वैमानिकासाठी किमान १६२.५ सेंटिमीटर उंची लागते, पायांची लांबी मोजली जाते आणि दृष्टीचे निकष नागरी विमानचालनापेक्षा कठोर असतात. उड्डाणाचा उपजत कल तपासणारी जी चाचणी असते, ती उमेदवारास आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार सैन्यदलांच्या इतर शाखांत जाऊ शकतो; हवाई दलाचा वैमानिक मात्र होऊ शकत नाही.

या मार्गाची पूर्वतयारी करून घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर निवड झालेल्या मुलांस तेथे दोन वर्षे प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार केले जाते. मुलींसाठीची अशीच संस्था नाशिक येथे २०२३ मध्ये सुरू झाली. देशातील पहिली सैनिक शाळाही आपल्याच राज्यात सातारा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली आहे. दहावीच्या वर्गशिक्षकांनी या संस्थांच्या प्रवेशाची माहिती वर्षाच्या आरंभीच सूचनाफलकावर लावल्यास कित्येक गुणी मुलांची वाट सुकर होईल.

रोजचे काम आणि मनाचा कल

पोलिसाचे काम माणसांमध्ये असते. फिर्याद नोंदविणे, पंचनामा करणे, तपास, न्यायालयातील साक्ष, वाहतूक नियंत्रण, निवडणुकीचा बंदोबस्त, गणेशोत्सव, आषाढीची वारी अशी त्याच्या वर्षाची मांडणी असते. इतरांचे सण हे त्याचे सर्वाधिक कामाचे दिवस असतात. कामाचे तास लांबतात. मुंबईत २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू करावा लागला, तो याच कारणाने. कायद्याचा अभ्यास नित्य चालू ठेवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे अमलात आले, तेव्हा सेवेतील प्रत्येक पोलिसास पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. ज्यास माणसांचे दुःख, राग आणि खोटेपणा रोज पाहूनही मन शांत ठेवता येते, ज्यास अन्याय पाहून स्वस्थ बसवत नाही, त्याचे हे क्षेत्र आहे.

वैमानिकाचे काम यंत्र, हवामान आणि नियम यांच्याशी असते. उड्डाणापूर्वी ठरलेल्या यादीप्रमाणे एकेक बाब तपासणे, तीच यादी हजाराव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच काळजीने वाचणे, नियंत्रण कक्षाच्या सूचना अचूक ऐकणे व उच्चारणे, हे त्याचे खरे कौशल्य होय. धाडसी मनुष्य चांगला वैमानिक होतो, हा समज अर्धवट आहे; हवामान खराब असल्यास न उतरता परत फिरण्याचा निर्णय घेणारा वैमानिकच प्रवाशांस सुखरूप घरी पोहोचवितो. उड्डाणाच्या तासांवर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. कामापूर्वी मद्यप्राशनाची चाचणी होते. सदृश यंत्रावर ठरावीक मुदतीने त्याचे कौशल्य पुन्हा पुन्हा पारखले जाते. पहाटे, मध्यरात्री, परक्या शहरात झोप घेण्याची सवय करावी लागते. एकाग्रता, गणिताची आवड आणि कंटाळा न येऊ देता तेच काम नेमकेपणाने करण्याची वृत्ती ज्याच्यापाशी आहे, त्यास हे क्षेत्र मानवते.

धैर्याची परीक्षा दोन्हीकडे होते, पण निराळ्या प्रकारे. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावी जन्मलेले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ हाती केवळ लाठी असताना सशस्त्र अतिरेक्यास धरून ठेवले आणि त्यात प्राण वेचले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. वैमानिकाच्या वाट्याला असा प्रसंग आला, तर शेकडो जिवांचा भार त्याच्या दोन हातांवर असतो. दोन्ही सेवा कधीकधी एकत्रही येतात. गडचिरोलीच्या अरण्यात जखमी पोलिसास वेळेवर रुग्णालयात पोहोचविण्यासाठी हेलिकॉप्टर उतरते, तेव्हा एकाचे कर्तव्य दुसऱ्याच्या कौशल्यावर विसंबून असते.

मुलींसाठी दोन्ही द्वारे खुली

‘हे काम मुलींचे नव्हे’ असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही. शासकीय सेवेतील ३० टक्के महिला आरक्षण पोलीस भरतीसही लागू आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकपदी प्रथमच एका महिला अधिकाऱ्याची नियुक्ती झाली. विमानचालनात भारतातील महिला वैमानिकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून ते जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला कर्मचारी असलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या प्रवासी विमानाने उड्डाण केले होते. मुलींच्या पालकांपुढे ही उदाहरणे ठेवण्याचे काम शिक्षिका आणि महिला पंचायत सदस्या अधिक परिणामकारकपणे करू शकतील.

कोणते द्वार केव्हा बंद होते ?

निवड करताना एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या दोन व्यवसायांची द्वारे निरनिराळ्या वयात बंद होतात. वैमानिकाच्या मार्गातील पहिला निर्णय दहावीनंतर, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गणित व भौतिकशास्त्र घ्यावे की सोडावे या स्वरूपात येतो. प्रबोधिनीचे द्वार साडेएकोणिसाव्या वर्षी मिटते. पोलीस शिपाई भरती खुल्या प्रवर्गासाठी २८ पर्यंत, उपनिरीक्षकाची परीक्षा ३१ पर्यंत आणि भारतीय पोलीस सेवेची परीक्षा ३२ पर्यंत खुली असते. पोलीस दलासाठी कोणत्याही शाखेचे शिक्षण चालते.

यावरून व्यवहारातील एक सोपा नियम निघतो. ज्याचा निर्णय पक्का झालेला नाही, त्याने गणित व भौतिकशास्त्र सोडू नये. हे विषय घेणाऱ्यास पुढे दोन्ही मार्ग मोकळे राहतात; सोडणाऱ्यास एकच उरतो. त्याचप्रमाणे वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्याने मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करावी. पदवी नसलेल्या परवानाधारकास मंदीच्या काळात पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेसही बसता येत नाही.

गावाची जबाबदारी

या बाबतीत शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट मैदानाची. १,६०० मीटर धावण्याचा सराव डांबरी रस्त्यावर करणारी मुले पायांच्या दुखापतींनी हैराण होतात आणि वाहनांमुळे त्यांच्या जिवासही धोका असतो. शाळेच्या अथवा गायरानाच्या जागेत मातीची साधी धावपट्टी आखून देणे ग्रामपंचायतीस फारसे खर्चाचे नाही.

दुसरी गोष्ट फसवणुकीपासून संरक्षणाची. पैसे घेऊन पोलिसात भरती करून देतो, असे सांगणारे दलाल भरतीच्या काळात गावोगाव फिरतात. निवड केवळ गुणवत्तेनुसार होते, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे आणि अशा इसमांची खबर पोलीस पाटलामार्फत ठाण्यास द्यावी. वैमानिक प्रशिक्षणाच्या बाबतीत नोकरीची ‘हमी’ देणाऱ्या जाहिरातींकडे संशयानेच पाहावे. संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय, तिच्याकडे उडण्यास योग्य विमाने किती, विद्यार्थी किती आणि २०० तास पूर्ण होण्यास प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे तेथे जाऊन शिकत असलेल्या विद्यार्थ्यांस विचारावे. संपूर्ण शुल्क एकरकमी भरू नये.

तिसरी गोष्ट चारित्र्याची. पोलीस दलात नेमणुकीपूर्वी चारित्र्य पडताळणी होते. वैमानिकासही विमानतळावरील प्रवेशपत्रासाठी अशीच पडताळणी पार करावी लागते. बांधाच्या किंवा निवडणुकीच्या भांडणात नाव गोवले गेल्याने एखाद्या होतकरू तरुणाची नेमणूक अडून राहते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटविण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. तरुणांचे भवितव्य राखण्याच्या दृष्टीनेही त्याचे मोल मोठे आहे.

चौथी आणि शेवटची गोष्ट प्रश्न विचारण्याची. विद्यार्थी सल्ला मागावयास आला की त्यास लगेच उत्तर देण्याऐवजी काही प्रश्न विचारावेत. डोळे तपासले आहेत काय? गणितात गोडी आहे काय? अनोळखी माणसांशी बोलताना संकोच वाटतो काय? सणासुदीला घरापासून दूर राहणे जमेल काय? निवड न झाल्यास दुसरा विचार कोणता? घरच्यांनी कर्जाचा आकडा कागदावर मांडला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता बहुतेक विद्यार्थ्यांस आपला मार्ग आपोआप उमगू लागतो.

पोलीस आणि वैमानिक या दोन्ही सेवांची समाजास गरज आहे आणि दोहोंत कोणतीही श्रेष्ठ-कनिष्ठ नाही. गणवेशाच्या मोहाने केलेली निवड काही दिवसांतच फिकी पडते. आपली प्रकृती, आपला कल, आपल्या घरची ऐपत आणि आपल्या हाती असलेली वर्षे यांचा शांतपणे मेळ घालून केलेली निवड जन्मभर साथ देते. हा मेळ घालण्यास विद्यार्थ्यांना साहाय्य करणे, हे गावातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीचे कर्तव्य आहे.